दिवा फिरतो की काच?

गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यावर बेळगावच्या एका मावशींनी जुन्या दीपगृहाकडं बोट केलं. ‘दिवा एका जागी, मग उजेड कसा फिरूलालता?’

सोबतचे सगळे हसले. प्रश्न मात्र अगदी नेमका होता! फिरत्या झोताच्या दीपगृहात बहुधा दिवा हलतच नाही, भोवतीची भिंगांची चौकट फिरते. भिंग समोर आलं की झोत, सरकलं की काळोख. मधले सेकंद मोजून खलाशी दीपगृह ओळखतो.

हे जुनं दीपगृह 1864 चं, किल्ला 1612 चा. बेळगावहून चोर्ला घाटातून येणारे भर दुपारी पोचतात, तेव्हा सावली नसते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ. पाय घसरतो तो उतरताना.

रात्री किनाऱ्यावर पोरांना नव्या दीपगृहाचे सेकंद मोजायला कुणी लावतं का?