झटका मशीन चालू, आणि शेळ्या शेजारच्या कडवळात

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी जेवून जरा कुठं पाठ टेकली तोवर बांधावरनं हाक आली, "आरं तुझी शेरडं माझ्या कडवळात घुसल्यात बघ!" तसाच अनवाणी पळालो. बघतो तर आमच्या १४ उस्मानाबादी शेळ्या, सगळ्यांच्या पुढं झिपरी, निवांत कडवळ (चाऱ्याची ज्वारी) ओरपतायत आणि इकडं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला विजेचा छोटा झटका सोडणारी मशीन) अगदी इमानदारीत टक-टक करत चालूच. हिरवी लाइट पण लुकलुकतेय. मी रागारागात सरळ तारेला हात लावला (तुम्ही लावू नका). मुंगी चावल्यासारखं काहीतरी झालं, बास. पायात चप्पल नसताना एवढंच, मग खुरं असलेल्या शेळीला काय डोंबल कळणार.

आम्ही साताऱ्याच्या माण तालुक्यातले. मुरमाड माळ, पाऊस मनात आला तर पडतो. २ एकरात शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास असा चारा लावलाय, त्यात सकाळ-संध्याकाळ शेळ्या सोडायच्या आणि दुपारी, रात्री गोठ्यात, असा आमचा अर्धबंदिस्त कारभार. माळावर लांडगं आहेत, पण खरं सांगू का, लांडग्यापेक्षा गावातल्या मोकाट कुत्र्यांनी जास्त करडं नेली. त्यामुळं कुंपण तर पाहिजेच होतं आणि चेनलिंक जाळीचं कोटेशन बघून आण्णा म्हणले, "एवढ्या पैशात अजून शेरडं येत्याल की." म्हणून मग झटका.

पहिली चूक दुकानातच झाली. दुकानदार म्हणला ही ३० एकराची मशीन आहे, मी म्हणलं आपलं तर २ एकर, मग काय राजाच. आता कळतं की मशीन एकरावर मोजायची वस्तूच नाही. आमचा तुकडा साधारण १०० मीटर बाय ८० मीटर, म्हणजे फेरा ३६० मीटर, आणि ५ तारा ओढल्या की झाली १८०० मीटर तार. एकानं २ एकराला एकच तार ओढली गाईसाठी, त्याचं गणित वेगळं, माझं वेगळं. दुकानात विचारायचं ते ज्यूल किती (म्हणजे एका झटक्यात ताकद किती), ते पण बाहेर तारेवर पडणारे ज्यूल, कारण खोक्यावर कधीकधी आत साठणारे लिहिलेले असतात आणि तो आकडा मोठा दिसतो. आणि गवत टेकलं असताना व्होल्टेज किती राहतं ते. नुसत्या मोकळ्या तारेवर १० हजार व्होल्ट दाखवण्यात काय मर्दुमकी नाही.

पण कडवळाच्या प्रकरणात मशीनचा काही दोष नव्हता. मेव्हणा वायरमन आहे, त्याला बोलावलं. त्यानं मशीनकडं बघितलं पण नाही, थेट विचारलं, "दाजी, अर्थिंग कुठंय?" मी दाखवलं. शेडच्या कामातनं उरलेला अँगलचा दोन फुटी तुकडा, तोही मुरूम लागला म्हणून दीड फुटावर ठोकायचा सोडलेला. तो हसायलाच लागला. मग त्यानं एक टेस्ट केली ती लिहून ठेवतो, कारण मला ही आधी कुणी सांगितली नव्हती. मशीन बंद करून लांबच्या टोकाला, १०० मीटरच्या पुढं, तारेला ३-४ लोखंडी पहारी टेकवून जमिनीत रोवल्या म्हणजे तार मुद्दाम शॉर्ट केली. मशीन चालू करून तारेचं व्होल्टेज २ हजाराच्या खाली आलंय का बघितलं. मग झटक्याच्या मीटरनं अर्थिंगच्या रॉडवर किती येतंय ते मोजलं. ३०० व्होल्टच्या आत पाहिजे. आमच्या अँगलवर आलं १८००! (साधा मल्टीमीटर लावू नका, उडतो. झटक्याचा मीटर वेगळा मिळतो.)

विषय असा की मशीनमधनं निघालेला झटका तारेतनं शेळीत, शेळीच्या पायातनं जमिनीत आणि जमिनीतनं अर्थिंगच्या रॉडवाटे परत मशीनला आला तरच शेळीला बसतो. पावसाळ्यात ओल असते म्हणून माझा दीड फुटी तुकडा पण खपून गेला, जुलैपासून दिवाळीपर्यंत शेळ्या तारेजवळ फिरकत नव्हत्या आणि मी गावभर सांगत सुटलो होतो की झटका घ्या म्हणून. एप्रिलमध्ये मुरूम कोरडाठाक झाला, रस्ता तुटला. झिपरीला हे माझ्या आधी कळलं.

मग ६ फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) रॉड ३ आणले, एकमेकांपासून १०-१० फुटांवर, न्हाणीघराचं सांडपाणी जातं तिथं. मुरमात रॉड जाईना म्हणून खड्डे घेतले आणि तळ्यातली काळी माती भरली. मीठ-कोळसा पण घालतात लोक, मी मीठ टाळलं, रॉड लवकर गंजतो. आणि घराच्या लाइटीचं अर्थिंग यापासून लांब पाहिजे, दोन्ही एकत्र करायचं नाही.

तरी मेव्हणा म्हणला, दाजी एवढ्यानं भागणार नाही, शेळी जिथं उभी राहणार तिथली जमीन तर कोरडीच ना. मग ५ तारांपैकी १, ३, ५ करंटच्या ठेवल्या आणि २ आणि ४ अर्थिंगला जोडल्या. आता शेळी दोन तारांच्या मधनं डोकं घालायला गेली की दोन्हीला टेकते आणि जमीन कोरडी असो नाहीतर दगड असो, पूर्ण झटका बसतो. उंची जमिनीपासून ६, १२, २०, ३० आणि ४२ इंच. खालची ६ इंचाची सगळ्यात महत्त्वाची, शेळी उडी मारण्याच्या आधी खालनं सरकायला बघते आणि कुत्रं पण तिथनंच येतं. गाईला असला पसारा लागत नाही, एक-दोन तारा बास होतात आणि ३ हजार व्होल्ट पुरतात. शेळीला ५ हजाराच्या खाली मी येऊ देत नाही.

झटक्याची जाळी पण मिळते, मी घेतली नाही. आपल्या शेळ्यांना शिंगं, एकदा अडकली की सुटका नाही आणि दर सेकंदाला झटका. त्याच कारणानं काटेरी तारेत झटका सोडायचा नाही म्हणजे नाही.

शेळ्यांना शिकवावं पण लागतं. गोठ्याच्या आवारात, जाळीच्या आतल्या बाजूला एक तार ओढली आणि तिच्यापलीकडं शेवरीची फांदी टांगली. झिपरी आली, नाक पुढं केलं. नाक ओलं असतं, अंगावरच्या केसांसारखं नाही. एकच टक झालं आणि ती चारी पायांवर उडाली ती थेट गव्हाणीत. दोन दिवसांत सगळ्यांनी एकेकदा चव घेतली.

पावसाळ्याची डोकेदुखी वेगळी. गवत खालच्या तारेला टेकलं की व्होल्टेज पडतंच, दर १५ दिवसांनी विळा घेऊन फेरा. मागच्या ऑगस्टमध्ये गवत साफ, तारा ताणलेल्या, तरी ७ हजाराचं ३ वर आलेलं. रात्री हातातली बॅटरी बंद करून कान लावत फिरलो तर कोपऱ्याच्या पोलवर टक-टक, निळी ठिणगी दिसली. इन्शुलेटर आणि पोलच्या मधे पाल मरून चिकटलेली! काडीनं काढली, ५ वर आलं. उरलेलं गेटखाली सापडलं, तिथनं मी साधी घरगुती वायर पाइपात घालून नेली होती. ती वायर ११०० व्होल्टची, त्यात ७ हजार सोडले तर फुटणारच, पाइपात पाणी भरलं की सगळं जमिनीत. झटक्याची डबल इन्शुलेशनची केबल वेगळी येते, ती घाला.

आणि एक, कुणी म्हणलं की मशीन कशाला, डायरेक्ट आकडा टाकू तारेवर, तर त्याच्या शेतात पाऊल टाकू नका. मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षा कमी वेळ टिकतो, मग सेकंदभर सुट्टी, माणूस हात काढून घेतो. घरातला २३० व्होल्टचा करंट सुट्टी देत नाही, धरून ठेवतो. दरवर्षी असल्या तारेवर माणसं मरतात आणि तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

सध्या मे चालू आहे, रोज सकाळी मीटर लावतो, ६ हजाराच्या वर आहे. रॉडपाशी सांडपाणी पोचेना म्हणून रोज एकेक बादली ओततो. काल बायको म्हणाली, "अहो, माझा कढीपत्ता वाळला आणि तुम्ही लोखंडाला पाणी घालताय." आता कढीपत्ता पण तिथंच लावायचा म्हणतोय.