आमची वाटचाल : तिथीची पाऊणपट

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर दोनच गोष्टी आहेत. वाऱ्याचं मीटर टांगायचा खिळा आणि पंचांगाचं कॅलेंडर. (ऑफिस म्हणजे वाडीतलं सुपारी ठेवायचं जुनं खोपटं. छप्पर नवं आहे, ते का नवं आहे ते पुढे येईलच.) पुण्या-मुंबईचे लोक फोनवर विचारतात, "शनिवारी शिकायला येऊ का?" आणि माझी बायको म्हणते, "थांबा हां, तिथी बघते." पलीकडे जरा शांतता होते. आम्ही मुहूर्त काढतोय असं बऱ्याच जणांना वाटतं.

दापोली तालुक्यात कर्दे किनाऱ्यावर आम्ही विंग शिकवतो. हवा भरलेला, दोन-अडीच किलोचा पंख दोन्ही हातांनी धरायचा, पायाखाली बोर्ड घ्यायचा आणि वाऱ्यावर जायचं. दोरी नाही, डोलकाठी नाही. गावातली पोरं त्याला वटवाघूळ म्हणतात, म्हातारी माणसं छत्री म्हणतात. पाटीवर आम्ही 'विंग' लिहिलंय, पण रस्ता विचाराल तर 'छत्रीवाले कुठे?' असंच विचारा.

मी चौदा वर्षं बोटीवर होतो. आमच्याकडे मर्चंट नेव्हीला अजून तेच म्हणतात. सप्टेंबर 2019 मध्ये जहाज रॉटरडॅमला लागलं होतं. तिथे मासव्लाक्ते म्हणून समुद्रात भर घालून केलेलं बंदर आहे आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला वाळूचा किनारा. पतंगवाले, म्हणजे दोरीच्या मोठ्या पतंगामागे बोर्डावरून जाणारे, मी पुष्कळ पाहिले होते. त्या दिवशी एक माणूस दिसला, हातात नुसता पंख आणि बोर्ड पाण्याच्या फूटभर वर. बोर्डाखाली एक खांब असतो, त्याच्या तळाशी विमानासारखे छोटे पंख. त्याला फॉइल म्हणतात. वेग आला की पाण्यातले ते पंख बोर्डाला उचलतात, मग लाटांचे धक्के बसत नाहीत आणि आवाजही जातो. एवढं सगळं मला तेव्हा कळलं नव्हतं. मी फक्त बघत उभा राहिलो आणि जहाजावर परतायला उशीर केला.

2020 च्या फेब्रुवारीत सुट्टीवर आलो, मार्चमध्ये टाळेबंदी लागली. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. वाडीतल्या सुपारीच्या पोफळी दोन तासांत आडव्या झाल्या, खोपट्याचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीत सापडले. नवीन पोफळ लावली तर पीक धरायला सहा-सात वर्षं. वडील तेव्हा काही बोलले नाहीत, पण मी परत बोटीवर गेलो नाही.

डिसेंबरात बाहेरून एक पंख, एक बोर्ड आणि फॉइल मागवलं. कस्टम ड्युटी धरून घरात सांगितलेल्या रकमेच्या दीडपट पैसे गेले. हे वाक्य बायको वाचणार आहे, पण आता तिला माहीत आहे.

शिकवायला कोणी नव्हतं. फेब्रुवारी 2021 मध्ये एकदा सकाळी साडेसातला पाण्यात गेलो. समुद्र आरशासारखा होता, गर्दी नाही, म्हटलं शिकायला उत्तम. काठाजवळ वारा जेमतेम होता, कारण माडांचा आडोसा. दोनशे हात पुढे गेल्यावर आडोसा संपला आणि जमिनीवरून येणारा वारा मला सरळ अरबी समुद्राकडे न्यायला लागला. मला तेव्हा वाऱ्याच्या उलट वर चढता येत नव्हतं. एकच शहाणपण केलं, बोर्ड सोडला नाही. पाऊण तासाने हर्णैला परतणाऱ्या एका होडीने उचललं. होडीवाल्या मामांनी मला वर ओढलं, पंखाकडे बघितलं आणि विचारलं, "शाळेत भूगोल नव्हता काय रे तुला?"

खारे वारे, मतलई वारे. शाळेतला धडा. रात्री जमीन निवते, पाणी उबदार राहतं, म्हणून सकाळपर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे. दुपारी जमीन तापली की उलटा. आमच्याकडे जानेवारी ते मे हा खारा वारा वायव्येकडून तिरका येतो. काही चुकलं तरी माणसाला किनाऱ्यावरच आणून टाकतो. तेव्हापासून सकाळी आम्ही कोणालाही पाण्यात सोडत नाही, कितीही हट्ट केला तरी. आणि तेच मामा आज आमची सुरक्षा होडी चालवतात.

नोव्हेंबर 2021 ला रीतसर सुरुवात केली. पहिला हंगाम वाईट गेला, सरळच सांगतो. लोक यायचे, गुडघ्यांवर बोर्डावर बसायचे, पंख उचलायचे, पंखाचं टोक पाण्यात बुडायचं, पंख उलटायचा, माणूस पडायचा. पुन्हा चढा. तोल, पंख, लाट, दिशा हे सगळं एकाच वेळी. दोन तासांनी नाकातोंडात मीठ घेऊन बाहेर यायचे आणि "मजा आली" म्हणायचे. परत कोणी यायचं नाही. मार्चच्या वहीत बायकोने जमेच्या बाजूला एक रेघ मारून ठेवली होती, ती मी अजून फाडलेली नाही.

त्यातच ओहोटी. आमचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी एवढं आत जातं की कंबरभर पाण्यासाठी चालत राहायचं, आणि 75 सेंटीमीटरचा खांब तोवर वाळूत रुततो. एकदा पुण्याचा सहा जणांचा गट दुपारभर माडाखाली बसून राहिला. माझ्या भाच्याने तेवढ्यात स्वतःचा स्केटबोर्ड आणला. त्याची चाकं वाळूत लगेच रुतली. पण बोर्ड बाजूला ठेवून तो नुसता पंख घेऊन ओल्या वाळूवर पळायला लागला, आणि वीस मिनिटांत त्या सहाही जणांना पंख डोक्यावर स्थिर धरता येऊ लागला. मी दोन-दोन दिवस पाण्यात ओरडून जे शिकवत होतो, ते.

मग हवेच्या जाड चाकांचा माउंटनबोर्ड घेतला, जुनाच. ओहोटीची कर्द्याची वाळू म्हणजे अंगणासारखी घट्ट. पाण्यावर नवख्याला 12 ते 15 नॉट वारा लागतो (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर), ओल्या वाळूवर चाकांना आठ-दहाही पुरतो. आणि पडलात तरी पंखाचं काय चुकलं ते उभं राहून बघता येतं. पुढचा हात दिशा देतो, मागचा हात ओढला की जोर येतो, मागचा सोडला की पंख झेंड्यासारखा फडफडतो आणि जोर जातो. एवढं तीन वाक्यांत सांगता येतं, पण हाताला कळायला दोन दुपारी लागतात. घाबरल्यावर माणूस मागचा हात घट्ट आवळतो, आणि नेमकं तेव्हाच तो सोडायचा असतो. ही खोड वाळूवरच मोडावी लागते.

नंतर वाचलं की हातातला पंख नुसता पाण्यासाठी नाहीच. फिनलंडमध्ये 1980 च्या दशकातच गोठलेल्या तळ्यांवर स्केट घालून लोक तो वापरत होते. फॉइलसोबतचे हवेचे पंख बाजारात आले ते 2019 च्या सुमारास. म्हणजे आम्ही उलटं शिकवत होतो.

तिथीचं गणित मामांनी दिलं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. मोबाइलवर मिनिटासकट तक्ता मिळतो, आम्हीही बघतो, पण महिन्याचं वेळापत्रक तोंडी करायला याला तोड नाही. वारा दुपारचा, हे ठरलेलंच. म्हणून तृतीया ते षष्ठी आम्ही पाण्यात असतो, एकादशी ते पौर्णिमा-अमावास्या वाळूवर. उधाणाच्या दिवसांत वाळू सगळ्यात रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी ना धड आत ना बाहेर, तेव्हा मी फॉइलचे बोल्ट उघडतो.

बोल्टवर एक वेगळा लेख होईल. अॅल्युमिनियमचा खांब, स्टेनलेसचे बोल्ट आणि खारं पाणी एकत्र राहिले की ते एकमेकांत कायमचे बसतात. पहिल्या वर्षी एक खांब कापावा लागला. आता रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, ग्रीस लावून, सुटे. पंखाच्या आतल्या फुग्याला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन चालत नाही, हेही पैसे घालवून शिकलो. चाकांना मात्र 6001 नंबरचं बेअरिंग लागतं, ते मोटारसायकलच्या दुकानात मिळतं. डझनानेच आणतो, वाळू आणि मीठ त्यांना महिनाभरही जगू देत नाहीत.

वरच्या कोरड्या वाळूत चाक न्यायचं नाही, हा आमचा नियम आहे. थंडी-उन्हाळ्यात दापोलीच्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात. जीपवाल्यांना हे कोण सांगणार, असो.

आज आमच्याकडे सहा पंख आहेत, तीन ते सहा चौरस मीटरचे, चार माउंटनबोर्ड, दोन मोठे बोर्ड आणि फॉइल एकच. मिळकतीचा मोठा वाटा वाळूवरून येतो. फॉइलपर्यंत थोडेच पोचतात आणि त्यांना मी घाई करू देत नाही. रविवारी गावातल्या मुलांना वाळूवर फुकट. त्यातली एक मुलगी, दहावीला आहे, आता नवख्यांना पंख धरायला शिकवते, आणि माझ्यापेक्षा कमी ओरडून. पावसाळ्यात पाण्यातलं काम बंद, शिलाई आणि हिशेब सुरू. कर्जाचे पाच हप्ते राहिलेत.

मामा साठीच्या पुढचे आहेत. चार वर्षं होडीत बसून आम्हाला हसले, स्वतः कधी पंखाला हात लावला नाही. यंदा शिमग्याला, पौर्णिमेच्या संध्याकाळच्या ओहोटीत, पालखी बघून परतताना थांबले आणि चाकांच्या बोर्डावर उभे राहिले. पंख कसा धरायचा ते त्यांना सांगावं लागलं नाही. साठ-सत्तर पावलं सरळ गेले, मागचा हात सोडला, पंख फडफडला, बोर्ड थांबला. उतरले, पंख भाच्याच्या हातात दिला आणि काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता होडी न घेता आले, अर्धी पॅन्ट घालून.