बॉयलर पास होईपर्यंत

जुनी इंजिनं जपून चालवणाऱ्या वारसा रेल्वेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं तेव्हा माझ्या डोक्यात रंगकाम होतं. पितळ घासायचं, चाकांवर ब्रश फिरवायचा आणि एक दिवस इंजिनाची शिट्टी ऐकायची. रंगाचा डबा प्रत्यक्षात उघडला तो सगळ्यात शेवटी. वाफेचं जुनं इंजिन चालतं करायचं तर खरा मुक्काम बॉयलरपाशी असतो, आणि तिथे घाई चालत नाही.

सुरुवात तर हात न लावण्यानेच झाली. जुन्या बॉयलरभोवतीच्या पत्र्याखाली बरेचदा ॲस्बेस्टॉसचा थर असतो. तो परवानाधारक माणसांनीच काढायचा. ते काम संपेपर्यंत आम्हाला शेडमध्ये पाऊल टाकायची मुभा नव्हती. मग सुटे भाग उतरवायला घेतले. प्रत्येक भागाचा फोटो काढायचा, नोंदवहीत लिहायचं आणि पत्र्याच्या बिल्ल्यावर नंबर ठोकून बिल्ला तारेने बांधायचा. कागदी चिठ्ठी ग्रीस आणि तेलापुढे टिकत नाही. हे भाग कारागिरांनी त्या त्या जागी घासून बसवलेले असतात, त्यामुळे डाव्या बाजूचा भाग उजवीकडे बसेलच असं नाही. गंमत म्हणजे काही भागांवर दुसऱ्याच इंजिनाचे नंबर ठोकलेले निघाले. कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला आलेल्या इंजिनांचे भाग, कधी अख्खे बॉयलरसुद्धा, एकमेकांत अदलाबदल व्हायचे. म्हणून ‘मूळ इंजिन’ जपतोय असं कोणी छातीठोकपणे म्हटलं की मी आता गालात हसते.

बॉयलर सांगाड्यावरून उचलून बाजूला ठेवला आणि मला हातोडी मिळाली. आग पेटते ती आतली तांब्याची पेटी, तिच्याभोवती पोलादाची बाहेरची पेटी आणि दोन्हींच्या मधे पाणी. या दोन भिंती वाफेच्या दाबाने फाकू नयेत म्हणून शेकडो स्टे, म्हणजे धातूचे आखूड दांडे, त्यांना बांधून ठेवतात. आत वाकून बसायचं आणि एकेका स्टेवर टिचकीसारखा ठोका द्यायचा. धड स्टे खणखणतो. तुटलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. सुरुवातीला मला सगळेच सारखे वाटायचे. शेजारचे जुने फिटर काका डोळे मिटून ऐकायचे आणि खडूने फुली मारायचे. काही स्टेंना बाहेरच्या टोकाकडून बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे आत चिरला की त्या भोकातून वाफ येते आणि चालू इंजिनातही दोष उघडा पडतो. अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजली ती त्यानंतर. यंत्राने काकांच्या फुल्या खोट्या ठरवल्या नाहीत, मात्र त्यांच्या कानाला न कळणारी एक गोष्ट दाखवली: तळाकडे गाळ साचतो तिथे पत्रा आतून खाऊन पातळ झाला होता. तेवढा भाग कापून नवा जोडावा लागला.

आगीचा गरम धूर पाण्यामधून नेणाऱ्या जुन्या नळ्या सगळ्या काढल्या. क्षारांची खपली एवढी की काही जड नळ्या भोकातून निघता निघेनात. नव्या नळीचं टोक रोलरने आतून फुगवून ते भोकात घट्ट बसवतात. कमी फुगवलं तर गळतं, जास्त फुगवलं तर प्लेटमधलं भोकच ताणलं जातं आणि पुढच्या खेपेला तिथे नळी धरत नाही. मधला अंदाज हाताला यायला वेळ लागतो.

मग पाण्याची चाचणी. आमचा बॉयलर चौरस इंचाला १८० पौंड दाबावर चालायचा, म्हणून चाचणी दीडपट दाबावर, २७० वर. वाफेऐवजी पाणी का, हे मला तिथे उमगलं. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे काही फुटलंच तर दाब झटकन उतरतो आणि थोडं पाणी उडतं. वाफेचं तसं नाही. १८० पौंडांवर बॉयलरमधलं पाणी १९० अंश सेल्सियसच्या वर असतं. ते एकदम मोकळं झालं तर त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि वाफ पाण्याच्या कित्येक पट जागा मागते. म्हणूनच आधी आतली हवा पूर्ण बाहेर काढायची, नाहीतर दाबलेली हवाही तसाच दगा देते. हातपंपाने काटा चढवला. बॉयलर इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन आत शिरले आणि काही नळ्यांच्या कडेला थेंब दिसताच ‘पुन्हा’ म्हणून निघून गेले. राग आला होता, लपवत नाही. पण त्या नळ्या नीट बसवल्यावर पुढच्या फेरीत प्लेट कोरडी राहिली.

चाकं, दट्टे, बेअरिंगमध्ये ओतायचा पांढरा धातू, यांचं काम दुसरी मंडळी करत होती; माझ्या वाट्याला घासून बसवणं तेवढं आलं.

वाफेवरच्या चाचणीला आग आदल्या दिवशी लावली, तीही बेताची. तांबं आणि पोलाद सारखं प्रसरण पावत नाही. घाईने तापवलं तर ताण स्टेंवर आणि सांध्यांवर येतो. इन्स्पेक्टरांनी पाण्याची पातळी दाखवणारे गेज ग्लास उघडझाक करून पाहिले, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे दोन्ही इंजेक्टर पाणी घेतात का पाहिलं, मग आग भरपूर वाढवून सेफ्टी व्हॉल्व्ह उडू दिले, म्हणजे आपोआप उघडून जादा वाफ सोडू दिली. उडाल्यानंतरही दाब मर्यादेच्या वर चढता कामा नये. नाही चढला. सही झाली.

ती सही कायमची नसते. अमेरिकेत १,४७२ सेवा-दिवस (म्हणजे इंजिन पेटवलेले दिवस) किंवा १५ वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बॉयलर पुन्हा उघडून पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी. मधल्या काळात ठरावीक दिवसांनी बॉयलर धुणं आणि पाण्यात औषध घालणं चालूच असतं.

प्रत्येक इंजिन पेटवायलाच हवं, असं मला आता वाटत नाही. वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून २१३ इंजिनं जतनासाठी बाहेर पडली. त्यातल्या बऱ्याच इंजिनांचे पितळी-तांब्याचे भाग आधीच गेलेले होते. अशा ठिकाणी नवं घालण्यात गमावण्यासारखं फार नसतं. पण एखादं इंजिन शेवटच्या फेरीनंतर जसंच्या तसं उभं असेल, तर ते चालवण्यासाठी जे कापून काढू त्यातच त्याचा इतिहास असतो. आमच्या इंजिनाचे काढलेले स्टे आणि कापलेला पत्रा भंगारात द्यायचा की ठेवायचा, यावर समितीत वाद झाला. मी ठेवण्याच्या बाजूने होते. जागेचं कारण पुढे आलं, शेवटी निवडक तुकडे बिल्ल्यांसकट ठेवायचं ठरलं.