जुन्या रायफलचे सुटे भाग ओळखताना आणि जपताना

ली-एनफिल्ड नंबर ४ ही रायफल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसह अमेरिका आणि कॅनडातही तयार झाली, त्यामुळे एकाच रायफलीत तीन देशांचे भाग आढळले तर मला आता नवल वाटत नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, उजेडात भिंग घेऊन बसले की लहान भागांवरील ठसे दिसू लागतात: ‘एस’ म्हणजे अमेरिकेतील सॅव्हेज कंपनी, ‘एलबी’ म्हणजे कॅनडातील लाँग ब्रँच कारखाना. बोल्टच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मुठीमागचा क्रमांक रिसीव्हरवरील (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावरील) क्रमांकाशी जुळतो का, हे मी सर्वांत आधी पाहतो. बोल्टचे पुढचे डोके ० ते ३ अशा चार क्रमांकांत मिळत असे आणि त्यानेच काडतुसामागची मोकळी जागा राखली जाई. म्हणून ते हौसेने बदलू नये, बदलल्यास ही जागा मोजणाऱ्या गेजने तपासून घ्यावे.

लाकडी दस्त्याला पॉलिश पेपर लावणे हा माझ्या मते अपराधच आहे, कारण डागांबरोबर तपासणीचे ठसेही पुसले जातात (हे मी एक दस्ता बिघडवूनच शिकलो). मऊ फडक्याने मळ काढून जवसाच्या कच्च्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमुळे (दारू पेटवणाऱ्या टोपीमुळे) नळीत उरणारे क्षार ओलावा ओढतात आणि ते तेलात नव्हे, तर पाण्यात विरघळतात. तेव्हा आधी गरम पाणी, मग नळी पूर्ण कोरडी करणे आणि शेवटी तेल.