पाठमोरी सीट

आमच्या मुलीचा जन्म स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये झाला. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी गाडीतली तिची सीट पाहिली आणि लगेच विचारले, "अगं, हिचं तोंड मागच्या बाकाकडे का केलंस? बिचारीला रस्ता तरी दिसू दे." पाच दिवसांच्या बाळाला रस्ता कितपत दिसतो हा भाग वेगळा, पण प्रश्न रास्त होता. गंमत म्हणजे त्याचे उत्तर शोधण्याचे काम बरेचसे याच शहरात झाले आहे. येथील चाल्मर्स विद्यापीठातील बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात पाहिले, की अमेरिकेच्या जेमिनी अंतराळ मोहिमेतले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून असतात आणि त्यामुळे सगळा दाब पाठभर विभागला जातो. लहान मुलांनाही गाडीत असेच बसवले तर काय होईल, या विचारातून पाठमोऱ्या सीटची कल्पना पुढे आली. १९६४ मध्ये व्हॉल्वोने तिच्या पहिल्या नमुन्याची चाचणी घेतली.

सासूबाईंना मी जे सांगितले ते असे. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असते आणि अंगाच्या मानाने जड असते. मानेचे मणके मात्र अजून पक्के झालेले नसतात; त्यांचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते एकसंध हाड व्हायला काही वर्षे जातात. गाडी समोर आदळली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी धरले जाते, डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये डोके, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या कवचात दाबली जातात, त्यामुळे मानेला झटका फार कमी बसतो. "मग मांडीवर घेऊन मी घट्ट धरीन की," हा त्यांचा पुढचा मुद्दा होता. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना आदळून दशांश सेकंदात थांबली असे धरले, तर सात किलोचे बाळ हातातून सुटू न देण्यासाठी सुमारे शंभर किलोचे ओझे पेलण्याएवढे बळ लागेल. हा हिशेब मी त्यांना किराणाच्या यादीमागे करून दाखवला. तांदळाच्या दहा पिशव्या एकदम, असे म्हटल्यावर त्या गप्प झाल्या.

स्वीडनमध्ये १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य सुरक्षा आसनाशिवाय गाडीतून नेता येत नाही, आणि निदान चार वर्षे वयापर्यंत पाठमोरे बसवावे असा येथील वाहतूक सुरक्षेच्या संस्थांचा सल्ला असतो. आय-साइज या युरोपीय नियमानुसार पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत पाठमोरे बसवणे बंधनकारक आहे. स्वीडिश लोकांना ते फारच थोडे वाटते. त्यामुळे येथे सीट दोन टप्प्यांत घेतात. आधी हँडल असलेली, बाळाला त्यातच उचलून नेता येणारी छोटी सीट, आणि नंतर मोठी, गाडीतच राहणारी. दुसऱ्या टप्प्याची सीट निवडताना आम्ही प्लस टेस्टची खूण शोधली, कारण लिन्शॉपिंग येथील संस्थेत होणाऱ्या या ऐच्छिक चाचणीत मानेवर येणारा ताण खास मोजला जातो.

किंमत आणि कापडाचा रंग यांवर आम्ही पहिले दोन आठवडे वाया घालवले, हे कबूल करते. खरा प्रश्न ती सीट आपल्या गाडीत नीट बसते का हा असतो. आमच्या जुन्या गाडीत मागच्या बाकाच्या पायाशी सामानासाठी झाकणाचा कप्पा आहे. सीटच्या बेसला, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या खालच्या बैठकीला, पुढे जो सपोर्ट लेग, म्हणजे गाडीच्या तळाशी टेकणारा आधाराचा पाय असतो, तो अशा पोकळ झाकणावर टेकवून चालत नाही, कारण धक्क्यात ते झाकणच आत जाऊ शकते. दुकानातल्या मुलीने पार्किंगमध्ये येऊन तीन सीट लावून पाहिल्या आणि दोन स्वतःच नाकारल्या. सेकंड हँड वस्तूंचे येथे कोणालाही वावडे नाही, मलाही नाही, परंतु सीट मात्र अपघातातून गेलेली नाही याची खात्री देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावी. प्लास्टिकमधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

बसवताना माझी चूक झाली ती अगदी साधी होती. आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टशिवाय सीट गाडीला थेट अडकवण्याच्या सोयीचे, दोन दांडे बाकाच्या फटीतल्या दोन कड्यांत अडकतात तेव्हा दोनदा 'खट्' असा आवाज यायला हवा. मला एकदाच ऐकू आला आणि मी समाधानाने दार लावले. नवऱ्याने बेस दोन्ही हातांनी धरून ओढला तेव्हा उजवी बाजू सरळ त्याच्या हातात आली. तिथली खूण हिरवी नव्हती, लालच होती. तेव्हापासून बेस ओढून पाहिल्याशिवाय आम्ही निघत नाही. मोठ्या सीटला तर खालून दोन पट्टे असतात, ते पुढच्या सीटच्या रुळांना बांधावे लागतात, आणि पहिल्या खेपेला त्यात माझी पाऊण तास कंबर मोडली. बाळ पुढच्या सीटवर पाठमोरे ठेवायचे असेल तर तिथली एअरबॅग बंद असल्याची खात्री केल्याशिवाय गाडी सुरू करू नये, कारण फुगणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच, आदळते. सीटचा कल इतका हवा की झोपेत बाळाची हनुवटी छातीवर पडून श्वास अडू नये, आणि लांबच्या प्रवासात तिला मधून मधून बाहेर काढून आडवे करावे. पाय बाकाला टेकून दुमडले जातात याची सासूबाईंना फार चिंता होती. मांडी घालून बसण्यात आपला उभा जन्म जातो, असे मी म्हटल्यावर त्यांनाच हसू आले. छोटी सीट अपुरी पडल्याची खूण पाय नव्हेत, डोक्याचा वरचा भाग कवचाच्या काठाशी येणे ही आहे.

हिवाळ्यात वेगळीच अडचण आली. येथे तान्ह्या मुलांना जाड, फुगीर ओव्हरॉल घालतात आणि मीही तिला त्यासकट हार्नेसमध्ये, म्हणजे सीटच्या पट्ट्यांत, बसवत होते. एकदा पट्टे न हलवता तिला बाहेर काढले, ओव्हरॉल उतरवला आणि पुन्हा बकल लावून पाहिले, तर पट्टा आणि छाती यांच्यामध्ये माझी चार बोटे सहज शिरली. अपघातात तो फुगीर थर क्षणात दबतो आणि बाळ पट्ट्यांतून पुढे सरकते. मग आम्ही पातळ लोकरीचे दोन थर घालू लागलो, पट्टे खांद्यांच्या पातळीवर आणून खांद्याजवळ चिमटीत येणार नाहीत इतके आवळू लागलो, आणि वरून सासूबाईंनी जुन्या लुगड्याची शिवून आणलेली गोधडी खोचू लागलो. गोधडी नेहमी पट्ट्यांच्या वर, खाली कधीच नाही. त्यानंतर त्यांनी सीटविषयी तक्रार केली नाही.

मुलगी नऊ महिन्यांची असताना आम्ही सुट्टीला साताऱ्याला गेलो. गाडीच्या बेल्टनेही बांधता येईल अशी सीट मुद्दाम घेतली होती, ती बरोबर नेली. भारतातही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना सीट बेल्ट किंवा त्यांच्यासाठीचे आसन न वापरल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे, तरी मुंबई विमानतळाबाहेर भाड्याच्या गाडीत ती लावताना चालकदादा म्हणाले, "ताई, बाळ आजीकडे द्या, एवढा खटाटोप कशाला?" मी काही बोलण्याआधी मागून सासूबाईंचा आवाज आला, "तांदळाच्या दहा पिशव्या उचलता येतात का तुम्हाला?" ते गोंधळून बघत राहिले. गाडीच्या बेल्टचे बकल कुठेच दिसत नव्हते. शेवटी सीट कव्हरची शिवण उचकटून बाकाच्या फटीत हात घातला, तेव्हा ते बकल बिस्किटाच्या चुऱ्यासकट बाहेर आले.