पंप आजींच्या हाती

गुरुवार, रात्री

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की आमच्या ओपीडीत छाती वाजणारी मुलं वाढतात. आज सातपूरहून चार वर्षांचा मुलगा आला होता, सोबत आई आणि आजी. आई कंपनीत शिफ्टला जाते, म्हणजे पोर दिवसभर आजींपाशी. म्हणून मी स्पेसर, म्हणजे दम्याच्या पंपाला (इनहेलरला) जोडायची मास्क लावलेली पोकळ नळी, आजींच्याच हातात दिला.

"मला कुठलं जमतंय सिस्टर, सुनेलाच शिकवा."

मी ऐकलं नाही. मुलाला धाप लागते तेव्हा जो घरात असेल, त्याला हे यायलाच हवं. आधी पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवायचा, एकदाच दाबायचं आणि पोराला पाच-सहा श्वास सावकाश घेऊ द्यायचे. दुसरा पफ त्यानंतर, पुन्हा हलवून. आजींनी आधी दोन पफ लागोपाठ दाबले. मग मास्क गालावरून सुटला. पुढच्या वेळी स्पेसरची झडप श्वासागणिक हलताना दिसली, तशा त्या स्वतःच मोठ्याने मोजू लागल्या. हे नुसतं सांगून येत नाही, करवूनच घ्यावं लागतं.

"पण पंपाची सवय लागते ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि या भीतीपायीच जरा बरं वाटलं की रोजचा पंप बंद होतो. सवय लागत नाही. रोजचा पंप श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवतो, निळा पंप आवळलेल्या नळ्या लगेच सैल करतो. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन आपोआप वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर औषध आतल्या बाजूला चिकटून राहतं.

मच्छर कॉइल बंद करायला दोघी लगेच तयार झाल्या. उदबत्तीपाशी आजी अडल्या. देवाला फुलं वाहा म्हटलं, तेव्हा मानल्या.

बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, एका दमात वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, तर वाट बघायची नाही: निळा पंप देत देत दवाखाना, नाहीतर 108. हे मी आजींकडून परत वदवून घेतलं.

त्यांना वाचता येत नाही. कागदावर दोन्ही पंप काढून दिले, रोजच्या पंपाशेजारी सूर्य आणि चंद्र, म्हणजे सकाळ-संध्याकाळ. पुढच्या वेळी वडिलांनाही घेऊन या म्हटलंय. आईची रात्रपाळी असते तेव्हा मुलगा त्यांच्यापाशी झोपतो, आणि त्यांनी स्पेसर अजून हातात धरलेला नाही.