तुम्ही विचारलंत म्हणून

"दोन-दोन सेंटसाठी रात्री जागतेस, सोडून का देत नाहीस?" मावशी विचारते, समोरच्या काकू विचारतात, परवा तुम्हीही विचारलंत.

मी काम करते ती ॲमेझॉनची वेबसाइट, मेकॅनिकल टर्क, २००५ पासून आहे. संगणकाला न जमणारी चिल्लर कामं तिथे माणसं करतात. नाव आलंय १७७० च्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरून. त्या यंत्राच्या पेटीत खरं तर माणूस दडून बसायचा, तेव्हा नाव तरी प्रामाणिक आहे! तिकडे अमेरिकेत दिवस उजाडला की इकडे आमची रात्रपाळी सुरू.

तिसऱ्या आठवड्यात मी सोडणारच होते. एका रात्री दुकानाच्या ४० पावत्या टिपून दिल्या: दूध, अंडी, कुत्र्याची बिस्किटं, पुसट शाईतले आकडे. सकाळी ३७ रिजेक्ट. कारण एकाच शब्दात, 'चुकीचं'. साठेक रुपये गेले त्याचं काही नाही, पण माझा अप्रूव्हल रेट, म्हणजे पास झालेल्या कामांचा टक्का, ९८ टक्क्यांवरून ९१ वर आला, आणि बरीचशी बरी कामं ९५ च्या खाली उघडतच नाहीत.

कुणाच्या तरी ओळखीने मला हीच कामं करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं होतं, तिथे मी रडगाणं टाकलं. दोन मिनिटांत जळगावच्या ताईंचं उत्तर: "तो काम देणारा बुडव्या आहे. आम्हालाही चावलाय." मग त्यांनीच काम देणाऱ्या भरवशाच्या लोकांची नावं दिली. सोपी, एक सेंटची का होईना, पण नक्की पास होणारी कामं. शेकड्यांनी करायची, टक्का हळूहळू चढतो. मला सव्वा महिना लागला.

काम देणारा आम्हाला जोखतो, त्याला कोण जोखणार? अमेरिकेत लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी २००८ मध्ये त्यासाठी टर्कॉप्टिकॉन नावाची वेबसाइट काढली. तिथे कामगार काम देणाऱ्यांना गुण देतात. आमच्या ग्रुपवर तेच चालतं, फक्त शिव्यांसकट. ग्रुप आम्हीच चालवतो, फुकट. आम्ही टिकलो की फायदा मात्र काम देणाऱ्यांचाही होतो, हे मला खुपतं. तरी रात्री एक वाजता "ही बॅच घे, लवकर!" असं सांगणारं कुणी आहे म्हणून मी बसते. एकटी असते तर त्या ३७ पावत्यांनंतर लॅपटॉप भावाला देऊन टाकला असता.

जळगावच्या ताईंना जूनमध्ये शाळेत नोकरी लागली. काम त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. ग्रुप सोडलेला नाही. काल रात्रीही पावणेबाराला त्यांचा मेसेज होता: "आज बुडव्या आलाय का गं?"